हेपटायटिस सी ची तपासणी सुरू करायचीय, पैसे थोडे आहेत: रॅपिड कार्ड, एलायझा, कोअर अँटीजेन की थेट व्हायरल लोड?

रबाळे_लॅब:

नमस्कार. मी रबाळे-दिघा पट्ट्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. लॅब म्हणजे एक खोली, त्यात सेंट्रीफ्यूज, सेमी-ऑटो ॲनालायझर, सेल काउंटर आणि एक साधा फ्रीज. एसी नाही आणि मेंटेनन्सच्या दिवशी लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. पेशंट म्हणजे खदाणीवरचे लोक, टीटीसी एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमधली कंत्राटी पोरं, तुर्भ्याच्या मार्केटला गाड्या घेऊन येणारे ड्रायव्हर-क्लीनर, शिवाय कळवा-मुंब्र्याकडून येणारी काही मुलं आहेत जी सुईने नशा करतात किंवा आधी करायची.

ट्रस्टींनी यंदा हेपटायटिस सी (रक्तातून पसरणारा, लिव्हर खराब करणारा विषाणू) ची तपासणी सुरू करायचं मनावर घेतलंय आणि कोणती टेस्ट घ्यायची ते मला विचारलंय. डीलर लोक येऊन गेले. एक म्हणतो कार्ड टेस्ट घ्या, वीस मिनिटांत मोकळे. दुसरा एलायझाचा (प्लेटवर मशीनने करायची अँटीबॉडी टेस्ट) रीडर-वॉशर सेट घ्यायचा आग्रह धरून बसलाय. तिसरा म्हणाला कोअर अँटीजेन म्हणजे पीसीआरच, फक्त निम्म्या पैशात. आमचे डॉक्टर म्हणतात हे सगळं सोडा, सरळ व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी टेस्ट) करा नाहीतर करूच नका. सगळ्यांच्या पत्रकावर सेन्सिटिव्हिटी (लागण असलेल्यांपैकी किती सापडतात ते) ९९ टक्के लिहिलीय त्यामुळे ते वाचून काहीच ठरत नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. इथे रिपोर्ट न्यायला परत येणं म्हणजे खाडा, त्या दिवसाची हजेरी गेली. शुगरच्या रिपोर्टला लोक येत नाहीत, तर ज्या आजाराचं नावही ऐकलेलं नाही त्याच्या रिपोर्टला कोण येणार? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी प्लीज सांगा, आमच्यासारख्या जागी काय चालतं आणि काय फुकट जातं.

कल्चर_प्लेट:

मी मायक्रोबायोलॉजीत आहे, ठाण्यातच. आधी एक गोष्ट पक्की करा मग डीलरशी बोला. रॅपिड कार्ड काय आणि एलायझा काय, दोन्ही अँटीबॉडीच (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रोटीन) बघतात. अँटीबॉडी एवढंच सांगते की हा विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला, आत्ता आहे का ते सांगत नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवाय निघून जातो, पण अँटीबॉडी बहुतेकांच्यात पुढे वर्षानुवर्षं राहते, आणि गोळ्या घेऊन बरा झालेल्याचीही राहते. म्हणून नुसत्या कार्डावर औषध सुरू करता येत नाही, त्याला आरएनए (म्हणजे व्हायरल लोडचीच टेस्ट) किंवा कोअर अँटीजेन (विषाणूचं प्रोटीन बघणारी टेस्ट) लागतंच. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. पण येईल त्याची आरएनए करत बसलात तर बजेट लवकरच संपेल आणि बहुतेक रिपोर्ट 'आढळला नाही' असेच येतील.

आता हिशोब बघा. देशपातळीवरच्या पाहणीत सर्वसाधारण लोकांत अँटीबॉडीचं प्रमाण ०.३२ टक्के निघालं होतं. म्हणजे एखाद्या कंपनीच्या गेटवर हजार जणांचं शिबिर लावलं तर खरे पॉझिटिव्ह तीनच्या आसपास. कार्डाची स्पेसिफिसिटी (लागण नसलेल्यांना बरोबर निगेटिव्ह सांगण्याचं प्रमाण) ९९ टक्के धरली तरी उरलेल्या ९९७ जणांत दहा जण खोटे पॉझिटिव्ह येणार. तेरा जणांची झोप उडवायची आणि त्यातल्या दोघांच्या रक्तात विषाणू सापडायचा. तेच कार्ड सुईने नशा करणाऱ्या मुलांत वापरा. तिथे शंभरात तीस जणांना लागण आहे असं धरलं तर हजारात तीनशे खरे आणि सात खोटे. कार्ड तेच, कंपनी तीच, तरी एका जागी पॉझिटिव्हवर भरवसा ठेवता येत नाही आणि दुसऱ्या जागी ठेवता येतो. त्यामुळे कोणती टेस्ट याच्या आधी कोणाची टेस्ट ते ठरवा. सुईची नशा, डायलिसिस, थॅलेसेमिया, एचआयव्ही असलेले, रक्तपेढ्यांत हेपटायटिस सी ची तपासणी सक्तीची व्हायच्या आधी म्हणजे साधारण २००० सालाच्या आधी ज्यांना रक्त चढवलंय ते, जत्रेत गोंदवून घेतलेले, आणि ज्यांनी वस्तीतल्या एखाद्या 'डॉक्टर'कडून वर्षानुवर्षं इंजेक्शनं घेतलीत ज्याच्याकडे सिरिंज बदलत नव्हती. तुमच्या खदाणीवर हा शेवटचा प्रकार भरपूर असेल, विचारून बघा.

आणि पत्रकावरच्या ९८ आणि ९९ च्या भांडणात अजिबात पडू नका. समजा शंभर लागण झालेले तुमच्या दारात आले. ९८ टक्केवाल्या कार्डाने ९८ सापडले. पुढच्या टेस्टला निम्मे परत आले नाहीत तर हातात राहिले ४९. याच्या जागी अजून महागडी, साडेनव्याण्णव टक्केवाली टेस्ट आणलीत तर हातात किती राहतील? तेच, पन्नासच्या आत. गळती जिथे आहे तिथे पैसे घाला. तुम्ही खाड्याबद्दल जे लिहिलंय तेच तुमचं उत्तर आहे. एकाच भेटीत कार्ड, आणि कार्ड पॉझिटिव्ह आलं तर माणूस खुर्चीतून उठायच्या आत आरएनएसाठी रक्त. परत बोलवायचं नाही.

जुना_रक्तपेढीवाला:

मॅडमनी मुद्दा बरोबर मांडलाय पण एलायझाला एवढं खाली बसवू नका. मी रक्तपेढीत आयुष्य काढलंय, आता निवृत्त होऊन चरईत असतो. एलायझात आकडा मिळतो. कट-ऑफच्या किती पट आलं ते कागदावर राहतं, उद्या कोणी विचारलं तर दाखवता येतं, आणि कट-ऑफच्या जरा वर म्हणजे एक ते दोन-तीन पटीत आलेलं सँपल बऱ्याचदा खोटं निघतं हे अनुभवाने कळत जातं. कार्डात फिकट रेघ आली की एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि दुपारी चार वाजता थकलेला माणूस म्हणतो जाऊ दे, निगेटिव्ह लिही.

पण ताई, तुमच्याकडे एलायझा नको असंच मी पण म्हणेन. ती ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट आमच्याकडे रोज भरायची म्हणून परवडायची. प्रत्येक रनला कंट्रोलच्या वेल वेगळ्या जातात, मग दिवसाला आठ-दहा सँपल असतील तर अर्ध्या स्ट्रिप वाया, आणि प्लेट भरेपर्यंत सँपल साठवाल तर रिपोर्टला आठवडा. वर ३७ डिग्रीचा इनक्युबेटर, वॉशरची सुई चोकअप, मधेच लाईट गेली तर पूर्ण रन फेकायचा. महिन्यातून एखादं मोठं शिबिर असेल आणि चाळीस-पन्नास सँपल एकदम येणार असतील तर ते एखाद्या एलायझावाल्या लॅबला पाठवा, स्वतः मशीन घेऊ नका.

कार्ड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. दोन जातींची येतात. ट्रायडॉटसारखी फ्लो-थ्रू असतात, त्यांना सीरम किंवा प्लाझ्मा लागतो, किट फ्रीजमध्ये ठेवायचं आणि वापरायच्या आधी रूम टेंपरेचरला आणायचं. तुमच्याकडे सेंट्रीफ्यूज आहे म्हणून दवाखान्यात चालेल, रस्त्यावरच्या शिबिरात नाही. दुसरी लॅटरल फ्लो म्हणजे पट्टीवाली, त्यातली बरीच बोटातल्या रक्तावर चालतात आणि बाहेर ३० डिग्रीपर्यंत टिकतात. पत्र्याखालची खोली असेल तर मे महिन्यात ३० च्या वर जातंच, तेव्हा ती पण फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही. पावसाळ्यात पाकीट फोडून ठेवायचं नाही, पेशंट समोर बसला की फोडायचं, आपल्याकडच्या दमट हवेत पट्टी बघता बघता ओल धरते. टायमर लावाच. किटवर वीस मिनिटं लिहिलंय तर तासाभराने उमटलेली रेघ ग्राह्य धरायची नाही.

अजून एक, कंट्रोलची रेघ आली म्हणजे पट्टी नीट वाहिली एवढंच. बऱ्याच किटमध्ये रक्त टाकायचं राहून गेलं आणि नुसतं बफर टाकलं तरी ती रेघ येते. म्हणून नवीन लॉट आला की आधी एक माहितीतलं पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह सँपल लावून बघायचं आणि वहीत लिहायचं. डीलर सांगणार नाही हे.

फील्ड_कळवा:

मी सुया-सिरिंज वाटप आणि ओएसटीच्या (सुईच्या नशेऐवजी देखरेखीखाली औषध देण्याच्या) कामात आहे, कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत रुळाच्या कडेकडेने. तुम्ही सगळे लॅबच्या आतून बोलताय, मी बाहेरून सांगतो.

पहिली गोष्ट शिरा. या पोरांच्या हातात शीर उरलेली नसते, दोन्ही हात बघून झाले की मानेकडे बघावं लागतं आणि तोपर्यंत तो उठून गेलेला असतो. तुमची मुलं कळवा-मुंब्र्याची आहेत म्हणताय तर बोटातल्या रक्तावर चालणारं कार्डच घ्या, दुसरा विचारच नको. हिरड्यांवरून पट्टी फिरवून करायची टेस्ट पण असते, ओराक्विक, वीस मिनिटांनी वाचायची आणि चाळीस मिनिटांच्या पुढे नाही वाचायची. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वतःची स्वतः करायची टेस्ट म्हणून पण मान्य केली. सुईला घाबरणाऱ्यांसाठी, म्हणजे नशेची नाही हॉस्पिटलची सुई, ती फार उपयोगी आहे पण कार्डापेक्षा महाग पडते.

दुसरी गोष्ट चिठ्ठी. चिठ्ठी देऊन पाठवलेला पोरगा म्हणजे गेलेला पोरगा. एका मोठ्या हॉस्पिटलात आमच्या एका मुलाला 'आधी नशा सोड मग ये' सांगून बाहेर काढलं, तो परत कुठल्याच हॉस्पिटलच्या पायरीवर चढला नाही आणि त्याचं बघून अजून कितीतरी गेले नाहीत. नशा चालू असली तरी या आजाराचं औषध देता येतं, नशा सोडण्याची अट जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत नाहीये, हे तुमच्या ट्रस्टींना आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. सोबत माणूस द्या. आमच्याकडे जो स्वतः बरा झालाय तोच नवीन मुलाला घेऊन जातो, ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये शेजारी बसतो, लाईनमध्ये उभा राहतो. टेस्ट कोणती याच्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, मला तर जास्तच वाटतं.

आणि तिसरं, जो एकदा बरा झाला आणि परत सुई वापरतोय त्याला कार्ड लावू नका, ते पॉझिटिव्हच येणार. त्याला परत लागण झालीय का ते फक्त आरएनए सांगतं. त्याचं रक्त सरळ तिकडे.

रबाळे_लॅब:

खूप उपयोगी माहिती मिळतेय. जरा खोलात विचारते. कार्ड पॉझिटिव्ह आलं की त्याच वेळी मी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबला रक्त घेतलं आणि आम्हीच ते पुढे पाठवलं, पेशंटला नाही, तर सँपल टिकतं का? आमच्याकडून ठाण्याला किंवा वाशीला पोचायला ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल ते तुम्हाला माहितीये. फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब सुकवून पाठवतात असं पण वाचलंय. दुसरं, कोअर अँटीजेनचं काय, तो डीलर परत फोन करतोय. आणि जीनएक्सपर्ट, ट्रूनॅट या टीबीच्या मशीनवर हेपटायटिस सी होतं हे खरं का?

कल्चर_प्लेट:

एकेक घेते.

सँपल. ईडीटीएची ट्यूब, आणि सहा तासांच्या आत फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा हा साधा नियम पाळा. तुमच्याकडे सेंट्रीफ्यूज आहे म्हणजे अर्धं काम झालं. एकदा प्लाझ्मा वेगळा झाला की फ्रीजच्या तापमानाला म्हणजे २ ते ८ डिग्रीला तीन दिवस राहतो, जीनएक्सपर्टच्या किटलाही एवढं चालतं. म्हणजे सोमवार ते बुधवार जमलेले प्लाझ्मा गुरुवारी सकाळी बर्फाच्या डब्यातून एकदम नेता येतात, रोज माणूस धावडवायची गरज नाही. पूर्ण रक्तच टेबलावर पडून राहिलं आणि दुसऱ्या दिवशी फिरवलं असं मात्र होऊ देऊ नका. फिल्टर पेपरचं म्हणाल तर ती पद्धत चांगली आहे, जिथे फ्रीजच नाही तिथे तिचा फार आधार असतो, पण थेंबात रक्तच कमी असतं त्यामुळे थोडा विषाणू असलेली माणसं सुटू शकतात, शिवाय समोरच्या लॅबने त्यावर टेस्ट बसवलेली असायला हवी. तुम्हाला त्याची गरज नाही.

मशीन. हो, खरं आहे. जीनएक्सपर्ट म्हणजे आपण ज्याला सीबीनॅट म्हणतो त्यावर हेपटायटिस सी चं वेगळं काट्रिज चालतं. प्लाझ्मावालं काट्रिज पावणेदोन तासांच्या आसपास घेतं आणि मिलीलिटरला चार-सहा युनिट इतका कमी विषाणूही पकडतं. बोटातल्या रक्तावर चालणारं दुसरं काट्रिज आहे, शंभर मायक्रोलिटर रक्त पुरतं आणि तासाभरात निकाल, म्हणजे चहा पिऊन होईपर्यंत नाही पण त्याच बैठकीत नक्की. चार मॉड्यूलचं मशीन सकाळी नऊला सुरू केलं तर संध्याकाळी चारपर्यंत प्लाझ्मावाल्या सोळा टेस्ट निघतात, अर्थात ते मशीन टीबीवाल्यांचं असेल तर त्यांचं काम आधी. त्याला एसी आणि स्थिर वीज लागते म्हणून तुमच्या खोलीत ते ठेवू नका, दुसऱ्याच्या मशीनवर वेळ मागा. ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायोचं, बॅटरीवर चालतं, चिप घालून करायचं, एसीवाचून चालतं, एकावेळी थोडी सँपल होतात पण तुमची पॉझिटिव्ह असणार किती? कोविडमध्ये अशी मशीन बऱ्याच ठिकाणी आली, त्यातली काही आज झाकून ठेवलेली असतील. आजूबाजूच्या सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत चौकशी करा.

पैशाचं म्हणाल तर खासगीत एक व्हायरल लोड काही हजारांत जाते, ती तुम्ही देऊच नका. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झालाय, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. तुमच्या जिल्ह्याच्या नोडल ऑफिसरना ट्रस्टच्या लेटरहेडवर पत्र द्या की कार्ड आम्ही करतो, प्लाझ्मा आम्ही आणून देतो, व्हायरल लोड तुम्ही करा. पेशंट न येता सँपल आलेलं चालेल का, ते आधी लेखी ठरवून घ्या. मला विचाराल तर तुमचा सगळ्यात मोठा खर्च वाचवणारा कागद हाच.

कोअर अँटीजेन. डीलर अर्धं खरं बोलतोय. विषाणूच्या कवचाचं प्रोटीन ते बघतं, म्हणजे आत्ताची लागण कळते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या सूचनांत आरएनएला पर्याय म्हणून ते आहेही. पण पीसीआरच आहे हे खोटं. सगळ्यात चांगलं तपासलेलं किट ॲबटच्या आर्किटेक्टवरचं, त्याची एकत्रित आकडेवारी बघितली तर सेन्सिटिव्हिटी ९३.४ आणि स्पेसिफिसिटी ९८.८ टक्के. मिलीलिटरला दोन-तीन हजार युनिटच्या खाली विषाणू असेल तर ते चुकायला लागतं. बहुतेक जुनाट पेशंटमध्ये विषाणू लाखांत असतो त्यामुळे बहुतेक सापडतात, पण औषधानंतर बरा झाला का हे बघायला मी ते वापरणार नाही. आणि ते एवढं मोठं ॲनालायझर तुमच्या खोलीच्या दारातून आत जाणार नाही. जिथे असं मशीन आधीच आहे आणि पीसीआर नाही अशा जिल्हा हॉस्पिटलला ती टेस्ट शोभते. डीलर तुम्हाला त्याच नावाखाली छोटं काही देत असेल तर त्याच्याकडे स्वतंत्र संस्थेने केलेली पडताळणी मागा.

कार्डाबद्दल ज्यांच्या मनात अजून शंका आहे त्यांच्यासाठी, इजिप्तने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळपास पाच कोटी लोक तपासले ते बोटाला टोचून केलेल्या कार्डावरच. पॉझिटिव्ह आलेल्यांची आरएनए, मग मोफत गोळ्या. एकेकाळी जगात सगळ्यात जास्त हेपटायटिस सी तिथे होता.

आरएनए पॉझिटिव्ह आल्यावरचं एक काम मात्र तुमच्याच लॅबमध्ये होण्यासारखं आहे. लिव्हर किती खराब झालंय त्यावर औषध ठरतं, आणि त्यासाठी फायब्रोस्कॅनच (लिव्हरचा कडकपणा मोजणारं मशीन) पाहिजे असं नाही. एएसटी (लिव्हरचं एन्झाइम) आणि प्लेटलेटवरून एपीआरआय हा आकडा काढायचा. समजा एएसटी ९६, नॉर्मलची वरची मर्यादा ४०, प्लेटलेट एक लाख दहा हजार. ९६ भागिले ४० म्हणजे २.४, त्याला ११० ने भागून शंभरने गुणा, आलं २.१८. दोनच्या वर म्हणजे सिरोसिसची (लिव्हर आक्रसून कायमचं खराब होण्याची) दाट शंका, हा माणूस मोठ्या हॉस्पिटलला आधी जायला हवा. सेमी-ऑटो आणि सेल काउंटर तुमच्याकडे आहेच, त्याच रक्तात हे करून रिपोर्टसोबत जोडून पाठवा, तिकडचा एक हेलपाटा वाचेल. जीनोटाइपच्या (विषाणूच्या उपप्रकाराच्या) मागे लागू नका, आत्ताची औषधं सगळ्या प्रकारांवर चालतात.

खारेगावचा_भाऊ:

मी लॅबवाला नाही, माझ्या धाकट्या भावाला हेपटायटिस सी होता. लहानपणी अपघातानंतर रक्त चढवलं होतं तेव्हाचा असावा असं डॉक्टर म्हणाले. सरकारी कार्यक्रमातून सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर बारा आठवडे, रोज गोळ्या, एक पैसा लागला नाही. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी परत व्हायरल लोड केली, विषाणू आढळला नाही, डॉक्टर म्हणाले बरा झालास.

पण त्रास पुढेच सुरू झाला. एका कंपनीत नोकरी लागत होती, त्यांच्या मेडिकलमध्ये कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि त्यांनी अनफिट लिहिलं. आम्ही व्हायरल लोडचा कागद दाखवला तर तिथला माणूस म्हणतो आमच्या फॉर्मवर फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आहे. तो पोरगा आठवडाभर जेवला नाही, त्याला वाटलं आजार परत आला. घरात आईने त्याचं ताट वेगळं काढलं होतं, ते बंद करायला मला भांडावं लागलं, एका ताटात जेवल्याने हा होत नाही हो. म्हणून तुम्हा लॅबवाल्यांना हात जोडून विनंती, नुसतं 'एचसीव्ही पॉझिटिव्ह' एवढं छापून माणसाच्या हातात देऊ नका. दोन ओळी खाली लिहा. त्या दोन ओळींवर माणसाची नोकरी असते, लग्न असतं.

नेरूळ_सिस्टर:

डायलिसिस युनिटमध्ये आहे म्हणून एवढंच जोडते. आमच्या पेशंटमध्ये अँटीबॉडी उशिरा बनते किंवा बनतच नाही, त्यामुळे कार्ड निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नसतं. नवीन पेशंट आला की आणि नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते, आणि एएलटी (लिव्हरचं एन्झाइम) विनाकारण वाढलं तर कार्डावर न थांबता आरएनए. एचआयव्हीत प्रतिकारशक्ती खूप खाली गेलेली असेल तर तेच. नुकतीच लागण झालेल्यातही अँटीबॉडी दिसायला आठ ते अकरा आठवडे जातात, आरएनए एक-दोन आठवड्यांत दिसतो, म्हणून 'मागच्या महिन्यात सुई शेअर केली' असं कोणी सांगितलं तर त्याला निगेटिव्ह कार्ड देऊन घरी पाठवू नका, तीन महिन्यांनी परत बोलवा नाहीतर आरएनएला पाठवा.

आणि हेपटायटिस बी चं कार्ड त्याच टोचण्यात करा. सी चं औषध सुरू केल्यावर दबलेला बी उसळू शकतो, त्यामुळे औषधाआधी तो बघावाच लागतो. तिकडे गेल्यावर करतीलच, पण इथे कळलं तर ज्यांचं निगेटिव्ह आहे त्यांना लस तरी देता येईल.

रबाळे_लॅब:

सिस्टर, बी चं कार्ड ट्रस्टींच्या यादीत नव्हतंच, आजच घालते. डायलिसिसवाले आमच्याकडे येत नाहीत, पण एचआयव्हीचे आहेत, त्यांचं वेगळं लिहून ठेवते. नोडल ऑफिसरच्या पत्राचा मसुदा करायला घेतलाय. खारेगावच्या दादांचं वाचून रिपोर्टच्या मजकुरावर अडकलेय, कार्ड पॉझिटिव्ह आलं की नेमकं काय छापू? आमच्या रिपोर्टवर आत्ता फक्त 'रिॲक्टिव्ह / नॉन-रिॲक्टिव्ह' असतं.

जुना_रक्तपेढीवाला:

रिॲक्टिव्ह शब्द ठेवा, तो बरोबर आहे, पॉझिटिव्ह लिहू नका. किटचं नाव, लॉट नंबर आणि एक्सपायरी पण छापा. खाली ठळक अक्षरात असं:

'ही प्राथमिक चाचणी आहे. यात हेपटायटिस सी ची अँटीबॉडी आढळली. याचा अर्थ आत्ता आजार आहेच असा नाही. आजार पूर्ण बरा झालेल्यांतही ही चाचणी रिॲक्टिव्ह येते. आत्ता विषाणू आहे का हे एचसीव्ही आरएनए चाचणीने कळते, त्यासाठी तुमचे रक्त आजच घेतले आहे. तपासणी आणि औषध सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. नोकरीसाठी अपात्र ठरवण्यास हा रिपोर्ट वापरू नये.'

नॉन-रिॲक्टिव्हच्या खाली सिस्टरचं वाक्य घाला की गेल्या तीन महिन्यांत सुई वापरली असेल किंवा रक्ताशी संबंध आला असेल तर पुन्हा तपासणी करावी. दोन्ही मजकूर मराठीत आणि हिंदीत, पाठपोट. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला काउंटरवर सगळ्यांसमोर नाही, आत बसवून वाचून दाखवा.

फील्ड_कळवा:

आणि फोन नंबर दोन घ्या, एक त्याचा आणि एक ज्याच्याकडे तो रात्री असतो त्याचा. आमच्या पोरांचे फोन महिन्याला बदलतात. आरएनए आली की आधी त्या दुसऱ्या नंबरवर फक्त 'दवाखान्यात ये' एवढंच सांगायचं, आजाराचं नाव नाही घ्यायचं.